हरण्याची भीती आणि खेळातील लबाडी

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून परतलेल्या पालकांना मुलाच्या हातातील मोबाइल दिसतो. त्यावरील खेळात ते लबाडी करते आहे का, हे मात्र दिसत नाही. नेम आपोआप साधणाऱ्या किंवा भिंतीआडचा प्रतिस्पर्धी दाखवणाऱ्या आज्ञावलीला मुले ‘हॅक’ म्हणतात.

हा मोह केवळ मुलांनाच होतो असे नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील ‘काउंटर-स्ट्राइक’ स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’ संघाच्या एका खेळाडूच्या संगणकावर अशी आज्ञावली सापडली. फाइलला ‘वर्ड’ असे साळसूद नाव दिलेले होते. संघ बाद झाला, पुढे विसर्जितही झाला. सहकाऱ्यांनाही त्याची झळ बसली.

माणूस असे का वागतो? प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नसल्याने संकोच कमी होतो. ‘सगळेच करतात’ ही समजूत उरलेला संकोचही घालवते. ‘स्टीम’ या मंचावरील खेळाडूंच्या अभ्यासात लबाडी करणाऱ्यांच्या मित्रांमध्ये लबाडी करणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या मित्रांपेक्षा जास्त आढळले. शिवाय क्रमवारीत खाली घसरण्याची भीती असतेच.

कारखान्यात सदोष सुटा भाग लपवला, तर दोष जुळणीपर्यंत पोहोचतो. वेळीच दाखवला, तर सुधारता येतो. पराभवाचेही तसेच आहे. म्हणून केवळ निकाल न विचारता, ‘हरल्यावर काय वाटले?’ असेही विचारावे. हॅक आढळल्यास मोबाइल हिसकावण्याआधी कारण ऐकून घ्यावे. घरात मुलाचे कौतुक फक्त गुणांच्या आकड्यावरून होत नाही ना, हेही तपासावे. ज्या घरात पराभव मोकळेपणाने सांगता येतो, तेथे खोट्या विजयाची गरज कमी भासते.