मुलाचं तोंड वाकडं झालं? रक्त तपासून घ्या

मूल सकाळी उठतं. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जातं, एक डोळा मिटत नाही. घरात म्हणतात, 'वारं लागलं.' कुणी तेल चोळतं, कुणी देवऋषाकडे नेतं. बहुतेक वेळा हा चेहऱ्याच्या नसेचा साधा आजार असतो, काही आठवड्यांत बरा होतो. पण क्वचित ते ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं, पहिलं लक्षण असतं.

या आजारात हाडांतल्या मगजात कच्च्या पेशी बेसुमार वाढतात. म्हणून मूल फिकट पडतं, ताप हटत नाही, अंगावर काळे-निळे डाग उठतात, हाडं दुखतात. याच पेशी मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात शिरल्या किंवा नसेवर दाबल्या, तर लक्षणं वेगळी दिसतात:

• तोंड वाकडं होणं
• अचानक तिरळेपणा, एकाचे दोन दिसणं
• डोकं दुखून सकाळी उलट्या
• झटके
• पाठदुखीसोबत पायातली ताकद जाणं, लघवी अडणं

यातलं काही दिसलं तर लगेच सरकारी रुग्णालय गाठा. झटके आले किंवा पाय लुळे पडले तर तासाचाही उशीर नको. तोंड वाकडं झाल्यावर अनेकदा स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्या सुरू करण्याआधी 'सीबीसी आणि स्मिअर करायचं का?' असं डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइड ल्युकेमियावरचंही औषध आहे. त्यामुळे काही दिवस बरं वाटतं आणि खरा आजार झाकला जातो. रिपोर्ट चांगला आला तरी त्रास थांबला नाही, तर पुन्हा दाखवा.

शंका आली की मगजाची आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी होते. 'पाठीतून पाणी काढलं की मूल पांगळं होतं,' हे आम्ही परिचारिकांनी वॉर्डात कितीदा ऐकलं! सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, म्हणून ही भीती नको. शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूभोवती पुरेशी पोचत नाहीत; म्हणून मेथोट्रेक्सेट याच मार्गाने देतात. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या प्रकारात केमोथेरपी साधारण दोन ते तीन वर्षं चालते. पूर्ण उपचार घेतलेली बहुतेक मुलं बरी होतात. केस गळतात, पुन्हा येतात. मात्र केमो चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. आजार संसर्गजन्य नाही, शेजाऱ्यांनी दूर राहू नये. मूल खेळायला लागलं म्हणून उपचार मध्येच सोडू नका, आजार उलटतो.