स्वयंपाकघराची डागडुजी : आधी धूर, मग फरशी

दसरा-दिवाळी जवळ आली, की घरोघरी रंगरंगोटीचे वारे वाहू लागतात. हाती पैसा बेताचाच असतो. मग बैठकीची खोली रंगते आणि स्वयंपाकघराची पाळी पुढच्या वर्षावर जाते. पाळी आलीच, तर पैसा जातो तो भिंतीवरच्या चकचकीत फरशीवर. गृहिणी मात्र त्याच धुरात आणि त्याच पाठदुखीसह उभी राहते. या खोलीच्या दुरुस्तीकडे आरोग्याच्या नजरेने पाहिले, तर थोड्या पैशांत किती साधते, ते यंदा उन्हाळ्यात आम्ही घरच्या घरी अनुभवले.

आमचे घर जुने. स्वयंपाकघरावर सिमेंटचे पत्रे, एक लहान खिडकी आणि तीस इंच उंचीचा ओटा. माझ्या आईने ऐन उमेदीची तीस वर्षे चुलीपुढे काढली. त्या धुराने तिच्या श्वासनलिकांना जडलेला जुनाट दाह घरात गॅस आला तरी सुटला नाही. फोडणी पडली, की तिला खोकत खोकत ओसरीवर जाऊन बसावे लागे. पत्नीची तक्रार कंबरेची. खर्चाची मर्यादा होती दहा हजार रुपये. पत्नी म्हणाली, "अहो, एवढ्यात फरशीसुद्धा पुरी व्हायची नाही." मी म्हटले, फरशी राहू दे, आधी धूर बाहेर काढू.

उदबत्तीची परीक्षा

आपल्या स्वयंपाकघरात हवा खेळते की नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती सांगतो. शेगडी बंद असताना ओट्यापाशी उदबत्ती लावावी आणि धूर कुठे जातो ते पाहावे. आमच्याकडे धूर वर चढून पत्र्याखाली घुटमळत राहिला. गरम हवा वर जाते, म्हणून तिची वाट उंचावरच हवी आणि ताजी हवा आत यायला समोरच्या बाजूला खाली वाट हवी. दार-खिडकी घट्ट लावून नुसता पंखा फिरवला, तर हवा बाहेर ओढायला ती येणार कुठून?

आम्ही शेगडीजवळच्या भिंतीत उंचावर नऊ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. तुळईखालची भिंत फोडू नये, म्हणून जागा गवंड्याला विचारून ठरवली. वायरिंग वायरमनकडूनच करून घेतले. विजेच्या कामात हौस नको.

ज्यांच्याकडे अजून चूल पेटते, त्यांनी तर हे काम सर्वांत आधी करावे. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोचला. तरी भाकरीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी चूल राहिलीच. ती निदान परसात किंवा मोकळ्या पडवीत न्यावी. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तिच्याजवळ बसू देऊ नये.

ओट्याचे माप कोपरावरून

ओटा किती उंच असावा, हे गवंड्याने नव्हे, तर तिथे उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपराने ठरवावे. सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यावे. भाजी चिरण्याची जागा त्याच्या तीन-चार इंच खाली हवी. कणीक मळायला अंगाचा जोर लागतो आणि शेगडीवर उंच भांडी चढतात, म्हणून त्या जागा आणखी खाली हव्यात.

पत्नीच्या कोपराची उंची अडतीस इंच भरली. म्हणजे तीस इंचांचा ओटा शेगडीला ठीक, पण चिरायला ठेंगणा. वर्षानुवर्षे मान आणि कंबर वाकवून भाजी चिरली जात होती! आम्ही ओटा फोडला नाही. त्याच्या एका टोकाला तीन इंची विटांचा थर लावून वर एक इंच जाडीची कडाप्पा फरशी बसवली. चार इंचांची पायरी झाली आणि चिरण्याची जागा चौतीस इंचांवर आली.

काम करताना सांभाळा

घरी काम करताना काही धोके असतात, ते ध्यानात घ्यावेत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात गेले, तर कित्येक वर्षांनंतरही कर्करोग होऊ शकतो. म्हणून पत्र्याला भोक पाडू नये, तो कापू नये, घासू नये. आम्ही पंखा भिंतीत बसवला, त्याचे हेही एक कारण. भिंत किंवा फरशी फोडताना पाणी शिंपडत राहावे आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा खरवडू नये, आधी ओला करावा आणि मुलांना दूर ठेवावे. कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उकळून उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेलाच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने सतत धुवावे आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

भिंतींना आम्ही चुनाच दिला. तो स्वस्त असतो, खोली उजळते आणि बुरशीला आळा बसतो. ओट्याच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, मोरीच्या तोंडाला जाळी लावली. झुरळांच्या विष्ठेने आणि गळलेल्या कातडीने दमा बळावतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गॅसची रबरी नळीही बदलली. तिच्यावर मुदत छापलेली असते, ती वाचावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. अशा वेळी पंख्याचे किंवा दिव्याचे बटण मुळीच दाबू नये, कारण ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

जमाखर्च

पंखा, वायर आणि वायरमनची मजुरी मिळून तीन हजार रुपये, कडाप्पा, विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी मिळून अडीच हजार, चुना, जाळी, नळी आणि किरकोळ सामान मिळून दोन हजार. साडेसात हजारांत काम आटोपले. उरलेल्या पैशांत फरशी आणावी का, असे मी विचारले, तेव्हा पत्नीनेच नको म्हटले.

आईचा विकार बरा झाला, असे मी म्हणणार नाही. धुराने एकदा झालेली फुप्फुसाची हानी भरून येत नाही. पुढची हानी तेवढी थांबवता येते. मात्र आता फोडणीच्या वेळी तिला उठून जावे लागत नाही. पाटावर बसून ती सुनेला लसूण सोलून देते.

वाचकहो, यंदा रंगाचा डबा आणण्याआधी एक उदबत्ती लावून पाहा. मग घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ ओट्यापाशी उभी असते, तिच्या कोपराचे माप घ्या. खर्चाची यादी त्यानंतर करावी.