जुनं एअर पिस्तूल: दोष स्प्रिंगचा की वॉशरचा?

बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने 1924 मध्ये आपलं पहिलं एअर पिस्तूल बाजारात आणलं. तिथला कारखाना 2005 च्या अखेरीस बंद पडला, तरी सीनियर, प्रीमियर, टेंपेस्ट ही तिची मॉडेलं इंग्लंडमध्ये आजही विकत घेतली जातात आणि हौसेने दुरुस्त केली जातात. या पिस्तुलांचं नुकसान वयापेक्षा चुकीच्या दुरुस्तीनेच जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात पक्का गैरसमज स्प्रिंगचा. छर्रा जोरात जात नाही, म्हणजे स्प्रिंग थकली, असं धरून लोक नवी, आणि शक्यतो जास्त कडक स्प्रिंग शोधायला लागतात. आधी यंत्रणा पाहू. वेब्लीत नळी वर असते आणि तिच्याखाली सिलिंडर. नळीचं मागचं टोक सोडवून ती वरून पुढे उलटली की पिस्टन पुढे ओढला जातो आणि स्प्रिंग दबते. चाप ओढला की पिस्टन मागे, म्हणजे नेमबाजाच्याच दिशेने धावतो. दबलेली हवा एका बारीक छिद्रातून वर चढते आणि छर्ऱ्यामागे पोहोचते. या वाटेवर हवा दोन जागी निसटू शकते: पिस्टनच्या कडेने, नाहीतर नळी आणि सिलिंडर जिथे एकमेकांना टेकतात त्या सांध्यातून. सांध्यातला वॉशर बोटाच्या नखाएवढाही नसतो. तो चेपला, वाळला किंवा चिरला की उत्तम स्प्रिंगचाही जोर वाया जातो.

हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवा, छर्रा भरा आणि मागे भक्कम आडोसा असलेल्या लक्ष्यावर झाडा. पट्टी उडाली तर हवा तिथूनच जाते आहे. छर्रा न भरता मात्र ही चाचणी करू नका. पुढे अडथळा नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर थेट आदळतो. ‘रिकामं झाडलं तर काय बिघडतं?’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

कडक स्प्रिंगने ताकद वाढतेच असं नाही. पिस्टन टोकाशी जाऊन उलटा उसळतो, नळी उलटायला जड होते, सांधे ढिले पडतात. शिवाय ब्रिटनमध्ये 6 फूट-पौंडापेक्षा जास्त ऊर्जेचं एअर पिस्तूल प्रतिबंधित शस्त्र ठरतं. हौसेपायी गुन्हा ओढवून घेण्यात काय अर्थ आहे?

‘पेटीतून कधी काढलंच नाही, म्हणजे नव्यासारखं,’ हेही खरं नाही. जर्मनीतल्या रास्टाटच्या डायना कंपनीची मॉडेल 6 आणि 10 ही पिस्तुलं गिस पद्धतीची आहेत. त्यांत दोन पिस्टन एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावतात, त्यामुळे धक्का जवळजवळ जाणवत नाही. रचना अप्रतिम, पण त्यांचे जुने कृत्रिम सील न वापरताही कालांतराने भुसभुशीत होतात आणि उघडल्यावर चुरा हाती येतो. दोन्ही पिस्टन दातेरी चक्राने जोडलेले असल्याने दाते नेमके जुळवून बसवावे लागतात. पहिल्या दुरुस्तीसाठी हे मॉडेल घेऊ नका.

तेलाबद्दलही असंच. हवा एकदम दाबली की ती भयंकर तापते आणि सिलिंडरमधल्या खनिज तेलाची वाफ पेट घेते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. मग मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो आणि मालकाला वाटतं, पिस्तुलात जीव आला! प्रत्यक्षात सील जळत असतो. चामड्याच्या सीलला थोडं तेल लागतं, नाहीतर तो आकसतो. कृत्रिम सील मात्र जवळजवळ कोरडाच ठेवावा.

चकचकीत केल्याने किंमत वाढते, हा समज संग्राहकांना सर्वांत जास्त दुखावतो. पॉलिश पेपर एकदा फिरला की कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात, त्या परत येत नाहीत. पोलादी सीनियरवरचा गंज अगदी बारीक स्टील वूल आणि तेलाने हलक्या हाताने उतरतो. टेंपेस्टचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, वर रंग दिलेला. तो गरम ब्ल्यूइंगच्या, म्हणजे पोलादावर निळसर काळा थर चढवणाऱ्या, द्रावणात बुडवला तर त्यातला कॉस्टिक सोडा धातूच खातो.

वस्तू जुनी म्हणून कायदा लागू नाही, असंही समजू नका. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. वेब्लीची बरीच पिस्तुलं 5.5 मिलिमीटरची आहेत, म्हणून घेण्याआधी नळीचं माप पाहा.

आणि उघडायची वेळ आलीच, तर एवढं ऐका: चाप ओढलेला असला, पिस्तूल रिकामं असलं, तरी आतली स्प्रिंग दाबाखालीच असते. पुढचं बूच सोडवताना ते पकडून ठेवणारा क्लॅम्प लावा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि तोंड त्याच्या रेषेत आणू नका.