पळवाटा बुजवताना

"मावशी, उद्या केसांना तेल लावून येऊ नकोस हं." एवढीच पूर्वतयारी भाचीने सांगितली होती. ती मानसशास्त्रात पीएच.डी. करते आणि प्रयोगासाठी तिला सतत माणसं लागतात. मी हो म्हटलं ते थोड्या गुर्मीतच. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात ताटातल्या वीस वस्तू मिनिटभर बघायच्या, वर रुमाल पडला की लिहून काढायच्या, असा खेळ असतो. माझ्या सतरा-अठरा हमखास येतात.

खोली अंधारी होती. हनुवटी एका टेकूवर ठेवायची, म्हणजे डोकं पुढेमागे होत नाही. राखाडी पडद्याच्या मधोमध अधिकचं बारीक चिन्ह होतं, नजर तिथून हलवायची नाही. मग रंगीत चौकोन चमकून जातात. 100 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. त्यानंतर 900 मिलिसेकंद पडदा कोरा. मग आधीच्यांपैकी एकाच्या जागी एकच चौकोन येतो. रंग तोच असेल तर हे बटण, बदलला असेल तर ते. बस्स.

दोन चौकोन, तीन चौकोन, काहीच वाटलं नाही. चारला अडखळले. सहाला तर 'डावीकडे जांभळं काहीतरी होतं बुवा' एवढंच हाती राहिलं.

आणि हे सगळं करताना तोंडाने "सात-तीन, सात-तीन" असं पुटपुटत राहायचं. माझ्या हळदीकुंकवातल्या बक्षिसांचं बिंग इथे फुटलं. ताट बघताना मी मनात "कात्री, सुपारी, किल्ली, बटण" असा पाढाच म्हणत असते. ती आठवण डोळ्यांची कमी, जिभेची जास्त. भाचीला फक्त डोळ्यांची हवी होती, म्हणून तिने माझ्या जिभेला दुसऱ्या कामाला जुंपलं.

प्रयोगाचा हा साचा आता चांगलाच रुळलाय. आयोवा विद्यापीठातल्या स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी 1997 साली 'नेचर'मध्ये तो मांडला. त्यांनी एकापासून बारापर्यंत चौकोन दाखवले. तीनपर्यंत लोक जवळजवळ चुकत नव्हते, चारपासून घसरण सुरू. गंमत म्हणजे आकडे लक्षात ठेवायला लावले काय आणि न लावले काय, निकाल तोच आला. सेकंदाच्या दहाव्या भागात नावं घ्यायला वेळच कुठे असतो? म्हणजे ती पळवाट मुळात बंदच होती. पण ती बंद आहे हे कळायलाही आधी तिथे बोळा कोंबून बघावा लागतो. मधला कोरा पडदाही असाच एक बोळा. दृश्य गेल्यावर त्याची छाप क्षणभर रेंगाळते, हे जॉर्ज स्पर्लिंग यांनी 1960 मध्येच दाखवलं होतं. ती विरेपर्यंत थांबायचं, आणि मग उरेल ते मोजायचं.

माझं मोजमाप भाचीने कागदावर करून दाखवलं. सहा चौकोनांच्या फेऱ्यांत रंग बदललेला मी शंभरात 70 वेळा पकडला होता. न बदलता 'बदलला' म्हटलं 20 वेळा, म्हणजे ही नुसती ठोकून दिलेली उत्तरं. सत्तरातून वीस गेले, उरले पन्नास टक्के. सहाचे निम्मे तीन. अठरा वस्तूंची बाई तीन चौकोनांवर आली!

दुसऱ्या प्रकारात बटणांऐवजी रंगांचं गोल चक्र होतं. ह्या जागचा रंग नेमका कोणता, ते चक्रावर दाखवायचं. कधी हिरव्याऐवजी जरा पोपटीकडे बोट जायचं, तर कधी मनात काहीच नसायचं, नुसता अंदाजपंचे. यावरूनच शास्त्रज्ञांत जुंपली आहे. डोक्यात तीन-चार ठरावीक खण असतात आणि बाकीचं बाहेरच राहतं, असं एक घर म्हणतं. दुसरं म्हणतं, खणबिण काही नाही. साठा एकच, जितक्यांत वाटाल तितकं प्रत्येकाच्या वाट्याला पातळ. 2008 साली दोन्ही बाजूंचे गाजलेले निबंध आले, वाद अजून चालूच आहे. माझं मत खणांकडे झुकतं, कारण ते 'काहीच नाही' मी स्वतः अनुभवलंय. "तुला तसं वाटणं हा पुरावा नव्हे," भाची म्हणाली.

मग मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारी टोपी. तिच्या प्रत्येक भोकातून सिरिंजने थंडगार जेल टाळूवर सोडतात, तेलकट केसांत ते नीट बसत नाही. आता बाणाने दाखवलेल्या बाजूचेच चौकोन लक्षात ठेवायचे, दुसरीकडचे असून नसल्यासारखे. डावीकडचं दृश्य उजव्या मेंदूत जातं, म्हणून डोक्याच्या मागच्या भागातल्या दोन बाजूंच्या विद्युतलहरींची वजाबाकी केली की आठवण धरून ठेवल्याची खूण उरते. चौकोन वाढतात तशी ती वाढते आणि तीन-चारच्या आसपास थबकते. ज्यांची क्षमता कमी, त्यांची आधीच थबकते, हे व्होगेल आणि माचिझावा यांनी 2004 मध्ये दाखवलं.

पडद्यावर माझी रेघ सरकत होती. मध्येच एक उंच टेकाड आलं.

"इथे डोळे मिचकावलेस. बाद." पुढे आणखी एक. "इथे नजर सरकली. हीपण बाद."

तासाभराच्या तपश्चर्येतल्या बऱ्याच फेऱ्या अशा केराच्या टोपलीत गेल्या. प्रयोगशाळेतच बेसिन आणि शाम्पू ठेवलेला असतो. डोकं पुसत बाहेर आले, तर पुढचा मुलगा खुर्चीत येऊन बसला होता, चापून भांग पाडलेला. आवळ्याच्या तेलाचा वास दारापर्यंत येत होता.