पुस्तक मिटा, मग नकाशा काढा

आपल्या मंडळीतल्या आजी-आजोबांकडून मी एक तक्रार नेहमी ऐकते. "नातवंडांचा अभ्यास सगळा हिब्रूत. आम्ही बाजारापुरती हिब्रू शिकलो. आम्ही काय मदत करणार?" मग मूल एका खोलीत मोबाईल घेऊन बसते आणि आजी दुसरीकडे टीव्हीसमोर. पण अभ्यास घ्यायला हिब्रू वाचता आलीच पाहिजे असे नाही. एक मोठा कागद आणि चार रंगीत पेने पुरतात.

या पद्धतीला माइंड मॅप म्हणतात, मी 'मनाचा नकाशा' म्हणते. इंग्लंडच्या टोनी बुझान यांनी १९७४ च्या सुमारास पुस्तकातून आणि बीबीसीच्या कार्यक्रमातून तिचा प्रसार केला. कागद आडवा ठेवायचा, मधोमध विषयाचे चित्र काढायचे. त्यातून चार-पाच जाड फांद्या, प्रत्येकीवर एकच शब्द, आणि तिला बारीक डहाळ्या. माणसाच्या मनात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. धड्यातली वीस वाक्ये चार फांद्यांवर टांगली की ती पेलतात.

पहिला सराव आपल्याला येणाऱ्या विषयावर करा. माझ्या नातीला शाळेतून 'शोराशिम', म्हणजे घराण्याच्या मुळांचे काम मिळाले, तेव्हा आम्ही मलिद्याचा नकाशा काढला. मधे ताट. 'काय' या फांदीवर पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, फळे. 'कधी' वर लग्नकार्य, नवस, तू बिश्वात. 'कोणासाठी' वर एलियाहू हन्नाबी. 'कुठे' वर अलिबागजवळचे खंडाळे, जिथल्या खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे असे आपले लोक मानतात. तेवढ्यात नातीने विचारले, "सफ्ता, पोहेच का?" कोकणात पिकतो तांदूळ, म्हणून पोहे! झाली नवी फांदी, 'कोकण'. तिला डहाळ्या फुटल्या त्या तेलाचा घाणा, शनिवारी काम बंद, म्हणून 'शनवार तेली'. शब्द तिने हिब्रूत लिहिले, बोलणे आमचे अर्धे मराठीत. तास कसा गेला कळले नाही.

शाळेच्या धड्याला मात्र एक नियम पाळा. पुस्तक आधी मिटवायचे. बहुतेक मुले पुस्तक उघडे ठेवून त्यातले शब्द उतरवतात आणि रंग भरत बसतात. ती रांगोळी झाली, अभ्यास नव्हे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिक आणि ब्लंट यांनी २०११ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला होता. काहींनी धडा समोर ठेवून अशीच आकृती काढली, काहींनी धडा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले, परत वाचले, परत आठवून लिहिले. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणजे गुण आठवण्यात आहे, चित्राच्या सुबकपणात नाही.

वॉर्डात आम्हा परिचारिकांना हे चांगले ठाऊक असते. औषध कसे घ्यायचे ते सांगून "समजलं ना?" विचारले, की रोगी हमखास मान डोलावतो. म्हणून आम्ही म्हणायचो, "आता तुम्ही मला सांगा." नातवालाही हेच म्हणा. धडा हृदयाचा असेल तर त्याने वाचून पुस्तक मिटावे आणि काढावे. कप्पे आठवले चार, झडपा आठवल्या दोनच, रक्त फुप्फुसाकडे जाते ती फांदी कोरी राहिली. छान! आता पुस्तक उघडून तेवढेच बघायचे आणि वेगळ्या रंगाने भरायचे. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. तुम्ही फक्त "मग पुढे?" आणि "असं का?" विचारत राहा. तुम्हाला धडा माहीत नाही हे मुलाच्या फायद्याचेच, कारण त्याला तो पूर्ण समजावून सांगावा लागतो.

सगळ्यालाच हा उपाय नाही. पाढे आणि शब्दांची अक्षरे घोकावीच लागतात. काही मुलांना चित्राचा कंटाळा असतो, त्यांना तोंडीच सांगू द्या. आणि मूल पुस्तक नाकाशी धरत असेल, ओळी गाळत असेल, हाक मारल्यावर दोनदा "काय?" विचारत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. बोलण्यात हुशार पण वाचनात फार मागे असेल, तर आईवडिलांना शिक्षकांशी बोलायला सांगा. आळशी म्हणून त्याला हिणवू नका. अशा मुलांना मदत मिळाली की ती शिकतात.

आपल्यासाठी एवढेच की जमिनीवर बसू नका, टेबल घ्या. पेने जाड आणि गडद रंगांची हवीत. पांढऱ्या कागदावरचा पिवळा रंग मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि नातवंडे नेमका तोच उचलतात.