एकच रूळ, गरजा अनेक

गटाच्या बैठकीत रेल्वेचा विषय निघाला की आम्ही दोन गोष्टी मागतो. गाडी आपल्या स्टेशनात थांबावी आणि मुंबईला लवकर पोचावी. या दोन मागण्या एकमेकींच्या आड कशा येतात, ते आज बघूया.

कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. १९९८ साली ती पूर्ण सुरू झाली. रोहा ते वीर हा मार्ग दुहेरी झाला. आपल्या चिपळुणात रूळ अजून एकेरीच. म्हणजे साकवासारखं. समोरून भारा घेऊन बाई आली की आपण अलीकडे थांबतो. तशीच एक गाडी स्टेशनातल्या जादा रुळावर थांबते, दुसरी निघून जाते. हे क्रॉसिंग. थांबायची पाळी बहुधा पॅसेंजरवर येते.

याच रुळावरून केरळच्या एक्स्प्रेस, मालगाड्या आणि कोलाडहून ट्रक नेणारी रो-रो जाते. गणपतीत जादा गाड्या असतात. पावसाळ्यात दरडींमुळे वेग कमी ठेवावा लागतो. एक थांबा वाढला की ब्रेक लावून पुन्हा वेग घेण्यातही वेळ जातो, आणि मागच्या-समोरच्या गाड्या खोळंबतात.

मुंबईजवळ ओढाताण आणखी वाढते. दादरला जाणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर दिव्यापर्यंतच राहिली. तांदळाचं गाठोडं आणि लेकरू सांभाळत दिव्याला गाडी बदलणं आपल्या बाईला जड जातं. पण त्याच भागात कामावर निघालेल्या हजारो बायकांना थोड्या थोड्या वेळाने लोकल हवी असते. दोघींचीही गरज खरी आहे.

दुसरा रूळ हा मोठा उपाय, पण डोंगर, बोगदे, पूल यांमुळे खर्चाचा. तोवर मध्ये क्रॉसिंगची स्टेशनं वाढवतात. आपल्याजवळचं कडवई त्यातलंच.

मग आपण काय करायचं? नुसतं "गाडी थांबवा" म्हणू नये. कोणती गाडी, कोणत्या वेळी, किती बायका, कशासाठी – बाजार, दवाखाना की कॉलेज – हे महिनाभर वहीत लिहावं. ग्रामसभेत ठराव करून अर्जासोबत जोडावं. नवा थांबा बहुधा प्रायोगिक मिळतो आणि पुढे तिकीटविक्री बघतात. म्हणून तिकीट काढूनच बसावं. आपली गरज कागदावर दिसली, तरच वेळापत्रक आखताना ती मोजली जाईल.