टीव्हीवरचा रुसलेला पाव

दोस्ता, एक कोडं घालू? जर्मनीत रात्रीचे साडेनऊ वाजलेत. कुणीतरी मुलांचा चॅनल लावला. कार्टून नाही. गाणी नाही. मग पडद्यावर कोण असेल? ओळख बरं!

एक पाव!

हो, अगदी खायचा पाव! सँडविचचा ब्रेड असतो ना, तसा चौकोनी. हात एवढेसे आखूड. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. तोंड कायम पडलेलं. त्याचं नाव बर्न्ट. हे एक बाहुलं आहे. आणि त्याचा आवडता छंद कोणता, माहितीये? घरच्या भिंतीकडे टक लावून बघत बसणं!

एरफुर्ट शहरात त्याचा पुतळासुद्धा आहे. २००९ मध्ये तो चक्क चोरीला गेला! पण सापडला हं, घाबरू नकोस.

बर्न्ट रात्री एकटा का? कारण ‘किका’ नावाचा हा चॅनल रात्री नऊला बंद होतो. मुलांनी झोपायला नको का? मग सकाळी सहापर्यंत बिचारा बर्न्ट पडद्यावर अडकलेला. जणू शाळा सुटली, दाराला कडी लागली आणि एकटाच मुलगा वर्गात राहिला!

आता खरी गंमत ऐक. किकावर एकही जाहिरात नसते! बिस्किटाची नाही, चॉकलेटची नाही. मग पैसे देतं कोण?

सगळे! गणपतीला आपण घरोघरी वर्गणी काढतो ना? तसंच. जर्मनीत जवळजवळ प्रत्येक घर दर महिन्याला १८ युरो ३६ सेंट देतं. घरात पाच टीव्ही असले तरी तेवढेच. आणि एकही टीव्ही नसला तर? तरीही तेवढेच! जिन्यातल्या दिव्यासारखं आहे हे. तळमजल्यावरचे काका जिना चढत नाहीत, पण दिव्याचे पैसे देतातच की!

या वर्गणीवर दोन मोठ्या संस्था चालतात. एक ‘एआरडी’, १९५० मध्ये स्थापन झालेली. दुसरी ‘झेडडीएफ’, १९६३ पासून दिसणारी. या सरकारच्या नाहीत बरं का! सार्वजनिक आहेत, आपल्या सार्वजनिक गणपतीसारख्या. दोघींनी मिळून १ जानेवारी १९९७ ला किका सुरू केला.

त्याच्या बऱ्याच आधी, १९८४ च्या जानेवारीत आले होते दोन नवे भिडू, ‘आरटीएल’ आणि ‘झाट आइन्स’. हे खासगी चॅनल. त्यांना वर्गणी नाही, जाहिराती पैसे मिळवून देतात. जत्रेत एखादा दुकानदार सरबत फुकट वाटतो, पण वर आपल्या दुकानाचा मोठ्ठा फलक लावतो. अगदी तसं!

पण जर्मनीत एक छान नियम आहे. मुलांचा कार्यक्रम चालू असताना मध्येच जाहिरात घुसवायची नाही. कुठल्याच चॅनलनं नाही! गणिताच्या तासाला फुगेवाला वर्गात येतो का? तसंच हे.

वर्गणी मिळत असूनही झेडडीएफवर थोड्या जाहिराती असतात. पण रात्री आठनंतर बंद. रविवारीही बंद! आणि दोन जाहिरातींच्या मध्ये टुण्णकन उडी मारतात सहा चिमुकले बुटके. त्यांची नावं मोठ्यानं वाच: आंटोन, बेर्टी, कॉनी, डेट, एडी, फ्रिट्सशेन. काही लक्षात आलं? इंग्रजीत लिहून पहिली अक्षरं बघ. ए, बी, सी, डी, ई, एफ! १९६३ पासून ते उड्या मारतायत. म्हणजे तुझ्या आजीनं लहानपणी बघितले असते, तरी ते एवढेच दिसले असते!

आता घड्याळ बघ. जर्मनीत सकाळचे सहा वाजले! मुलं उठली, किका जागा झाला, बर्न्टची रात्रपाळी संपली. आता तो खुशाल घरी जाऊन भिंतीकडे बघत बसेल.

आणि त्याच्या या रात्रपाळीचा खर्च? घराघरातून आलेल्या वर्गणीतून. ज्यांच्याकडे टीव्हीच नाही, त्या घरातूनसुद्धा!